विसार ते ताबा

जुन्या फ्लॅटचा भाव ठरला की व्यवहार झाला, असं समजणाऱ्या माणसाने आयुष्यात एकही फ्लॅट विकलेला नसतो. भाव ठरतो त्या दिवशी सगळे गोड असतात. विसाराचा चेक दिला जातो, काकू आतून चहा आणतात, घेणारी मंडळी खिडकी उघडून बघतात आणि विकणारे काका सांगतात, इथून सकाळचं ऊन फार छान येतं. कटकटी सुरू होतात त्या पुढच्या आठवड्यापासून.

मी पुण्यात कोथरूड-कर्वेनगर भागात रीसेलची कामं करते. विसार ते ताबा यांच्यामध्ये साधारण दोन-तीन महिने जातात. तेवढ्यात कर्ज मंजूर व्हायचं असतं, सोसायटीची पत्रं मिळायची असतात, साठेखत नोंदवायचं असतं, बँकेचा चेक निघायचा असतो. मग खरेदीखत आणि शेवटी किल्ल्या. या काळात घराला धड धनी नसतो. विकणाऱ्याचं मन कधीच नव्या घरी राहायला गेलेलं असतं. घेणाऱ्याचे पैसे अडकलेले असतात, पण हातात किल्ली नसते. सिंकखालचा नळ गळायला लागला तर काका म्हणतात, "आता ते येऊन बघतील." घेणारे म्हणतात, "अजून आमचं कुठे झालंय?" आणि दोघांचे फोन मला येतात. दलाली मी गिऱ्हाईक आणून दिल्याची घेते असं लोकांना वाटतं. माझ्या मते ती या मधल्या काळाची असते. या काळात जे जे बिघडेल त्याचा धनी कोण, हे आधीच ठरवून ठेवणं हे माझं काम.

कागदांच्या अडचणींना निदान उत्तर असतं. वडील गेल्यावर सोसायटीने नॉमिनी म्हणून मुलाचं नाव शेअर सर्टिफिकेटवर चढवलेलं असतं आणि मुलाला वाटतं, घर आपलंच झालं. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा, मालकी वारसांची. त्यामुळे नाशिकला दिलेल्या बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी हवं, नाहीतर तिची सही तरी. मालक परदेशी असेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यावं लागतं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. घरावर आधीचं कर्ज असेल तर त्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि त्यांच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी मागवायची. पन्नास लाख किंवा त्याच्या वरचा व्यवहार असेल तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून भरायचा, 2013 पासून हा नियम आहे आणि तरीही दर वेळी कोणीतरी विचारतंच, "म्हणजे एक टक्का कमी देणार का मला?" ही कामं किचकट असतात, वेळखाऊ असतात, पण करून संपतात. कागद आला की आला.

दुरुस्तीचं तसं नसतं. तिथे प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं, आणि बहुतेक वेळा दोघांचंही थोडं थोडं खरं असतं.

नवीन इमारतीत बिल्डर असतो. रेरा कायद्याप्रमाणे ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष त्याने आपल्या खर्चाने दूर करायचा असतो. तीस-पस्तीस वर्षांच्या इमारतीत असं कोणी नसतं. तिथे उपयोगी पडतो 1882 सालचा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या पंचावन्नाव्या कलमात विकणाऱ्याची कर्तव्यं दिली आहेत आणि ती वाचली की दीडशे वर्षांपूर्वीही लोक असेच भांडत असणार याची खात्री पटते. विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत शहाणा मालक जपेल तसं घर आणि घराचे कागद त्याने जपले पाहिजेत. विक्रीच्या दिवसापर्यंतचे सरकारी कर त्यानेच भरले पाहिजेत. सगळं स्पष्ट आहे. फक्त हॉलमध्ये सोफ्यावर समोरासमोर बसल्यावर कलम वाचून दाखवणाऱ्याला कोणी दुसरा चहा देत नाही. कलमाचा आशय गप्पांमधून आणावा लागतो.

त्यासाठी मला एक गोष्ट फार उपयोगी पडली आहे. "घरात काही दोष आहे का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "छे, काही नाही, आम्ही इतकी वर्षं राहिलो." त्यात खोटेपणा असतोच असं नाही. ज्या घरात मुलीचं लग्न ठरलं, सासूबाईंचं आजारपण काढलं, त्या घरात दोष आहे म्हणणं माणसाला स्वतःवर ठपका घेतल्यासारखं वाटतं. म्हणून मी विचारते, "काकू, जुलैत कपडे कुठे वाळवता?" "पावसाळ्यात ही कपाटं भिंतीपासून पुढे ओढावी लागतात का हो?" "वरच्या टाकीचं पाणी किती वाजता जातं?" मग काकू सगळं सांगतात. पश्चिमेच्या भिंतीला लोणा येतो, म्हणून तिथे पुस्तकांचं कपाट ठेवत नाही. मुलांच्या खोलीच्या खिडकीवरचा छज्जा झिरपतो, जोराचा पाऊस असला की खाली फडकं लावतो. गीझर चालू असताना मिक्सर लावला की फ्यूज जातो. दहा मिनिटांत घराची कुंडली समोर येते, आणि काकूंना आपण काही कबूल केलं असं वाटतही नाही. नव्या बाईला घर समजावून दिलं असं वाटतं. तसं ते असतंही.

कर्वेनगरातला एक व्यवहार सांगते. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मालक निवृत्त गृहस्थ, घेणारं जोडपं सोलापूरकडचं, दोघंही नोकरी करणारी. घराला सगळीकडे जुना, मळलेला क्रीम रंग. बाथरूमचं छत तेवढं पांढरंशुभ्र. मी वर बघत उभी राहिले, तेव्हा काका म्हणाले, "थोडे पोपडे आले होते. रंगारी शेजारी आलाच होता, म्हटलं मारून घ्यावा एक हात." जुन्या घरातला एकच नवा कोपरा दिसला की मला तिथेच थांबावंसं वाटतं.

वरच्या फ्लॅटमध्ये विद्यार्थी भाड्याने राहत होते आणि मालक बंगळूरला. त्यांची फोनवर परवानगी घेऊन आमचा मिस्त्री वर गेला. जुन्या पद्धतीच्या बाथरूममध्ये स्लॅब फूटभर खाली घेतलेला असतो, त्यात विटांचे तुकडे आणि सिमेंटचा भर घालतात, वर फरशी. नहाणी ट्रॅपचा सांधा सुटला की पाणी त्या भरात उतरतं. विटांचे तुकडे ते पाणी धरून ठेवतात आणि सावकाश सोडत राहतात. म्हणून वर अंघोळी सकाळी होतात आणि खाली थेंब संध्याकाळी पडतो, आणि म्हणूनच वरचा माणूस शपथेवर सांगतो की हे पाणी माझं नाही. मिस्त्रीने ट्रॅपच्या तोंडात प्लॅस्टिक आणि फडक्याचा बोळा घट्ट बसवला, टाचा बुडतील इतकं पाणी भरलं आणि त्यात कपड्यांची नीळ कालवली. पोरांना दुसरं बाथरूम वापरायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी खाली पांढऱ्याशुभ्र छतावर, पाइप स्लॅबमधून खाली उतरतो तिथे, निळसर कड धरलेली होती. मिस्त्री म्हणाला, "ताई, ट्रॅप गेलाय. खालून कितीही रंग मारा, हे थांबणार नाही."

इथे जे झालं ते नेहमीच होतं. काका म्हणाले, "त्यांचं बाथरूम, त्यांचा खर्च. यात माझा काय संबंध?" सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे त्यांचं म्हणणं बरोबरही होतं. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपातून येणारी गळती सोसायटीने बघायची. बाथरूम, संडास, सिंक यांची गळती त्या त्या सभासदाने. घेणारी मुलगी म्हणाली, "आम्हाला पन्नास हजार कमी करा, आमचं आम्ही बघून घेऊ." दोघांनाही हा तोडगा पटला. हात मिळवायचाच बाकी होता.

मी त्याला विरोध केला, आणि तोही घेणाऱ्यांच्या बाजूने बोलताना घेणाऱ्यांनाच. पन्नास हजार हातात आले तरी वरच्या बाथरूमची फरशी उकरायचा हक्क कुठे मिळतो? ते घर दुसऱ्याचं. नवीन माणूस सोसायटीत पाऊल ठेवतो तोच तक्रार घेऊन, तर वरचा मालक बंगळूरहून किती वेळा फोन उचलेल? काकांचं तसं नव्हतं. वरच्या मालकाच्या वडिलांबरोबर त्यांनी इमारत उभी राहताना विटा मोजल्या होत्या. त्यांनी फोन लावला, पहिली पाच मिनिटं आईची चौकशी केली आणि मग म्हणाले, "अरे, घर विकतोय, आणि तुझ्यामुळे अडलंय." तो फोन दुसरं कोणी करूच शकलं नसतं. वरच्याने काम करायला होकार दिला, फरशीच्या खर्चातला थोडा वाटा काकांनी कुरकुरत का होईना उचलला. भर काढला, नवा ट्रॅप बसला, वॉटरप्रूफिंग झालं, पुन्हा पाणी भरून ठेवलं. मी फक्त एक हट्ट धरला: खालच्या छताचे पोपडे खरवडून घ्या, पण रंग लावू नका. ताबा होईपर्यंत ते छत उघडं, करडं राहिलं. रोज वाळत गेलेलं घेणाऱ्यांना दिसत होतं. रंग त्यांनी आपल्या आवडीचा नंतर लावला.

यातून माझा एक ठोकताळा बनला आहे. ज्या दुरुस्तीसाठी दुसऱ्याच्या दाराची बेल वाजवावी लागते, मग ते वरचं घर असो, शेजारची सामाईक भिंत असो की सोसायटीची कमिटी असो, ती विकणाऱ्याकडून पुरी करून घ्यावी. तिथे पैशापेक्षा ओळख आणि जुना हिशोब चालतो, आणि तो त्याच्याकडेच असतो. उलट जी दुरुस्ती आपल्या चार भिंतींच्या आत आहे, ती विकणाऱ्याला कधीही करायला सांगू नये. तिचे पैसे किमतीतून वजा करून घ्यावेत.

दुसरा अर्धा भाग लोकांना पटवणं जास्त अवघड जातं. "ते करून देतोय म्हणतायत ना, मग?" करून देतात, पण निघालेला माणूस दुरुस्ती करतो ती निघेपर्यंत टिकेल इतकीच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सामानाचा टेम्पो ठरवायचा, गॅस बदलायचा, नव्या घराचे हप्ते सुरू झालेले, त्यात जुन्या घराच्या पाइपवर कोण पैसे घालेल? एका घरात ओट्यामागच्या भिंतीतली जीआयची लाइन गंजून गेली होती. मालकांनी खरोखर प्लंबर बोलावला. त्याने गळत होतं तेवढा हातभर तुकडा कापून नवा जोडला, वर टाइल चिकटवली, आणि भिंतीतली उरलेली सगळी लाइन तशीच गंजकी राहिली. दरवाजाच्या चौकटीला वाळवी लागली की भोकात औषध मारून वरून पॉलिश फिरवतात. असं काम झाल्यावर दोष गेलेला नसतो, दिसेनासा मात्र झालेला असतो. आणि "करून दिलं" म्हटल्यावर मागायला तोंड राहत नाही.

मात्र वजावट करायची तर साठेखत नोंदवण्याआधी. एकदा करारात आकडा लिहिला गेला की मुद्रांक शुल्क त्या आकड्यावर भरलेलं असतं, बँकेने कर्ज त्या आकड्यावर धरलेलं असतं. मग कोणीतरी सुचवतं, "करारात तोच भाव राहू दे, दुरुस्तीचे मी रोखीत परत करतो." हे मी होऊ देत नाही. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला 2015 पासून आयकर कायद्याची मनाई आहे, आणि ताबा झाल्यावर ते "परत करतो" कुठे जातं ते मला ठाऊक आहे.

रक्कम राखून ठेवायची म्हटली तरी सोपं नसतं. सगळ्यांना वाटतं, दहा टक्के शेवटी देऊ, काम झाल्यावर. पण कर्ज देणारी बँक आधी तुमचा स्वतःचा हिस्सा भरल्याच्या पावत्या मागते आणि मग आपला चेक काढते. तो चेक थेट विकणाऱ्याच्या नावाने निघतो. म्हणजे शेवटी हातात ठेवायला काही उरतच नाही. अशा वेळी आम्ही उलट बाजूने जातो. राहिलेल्या कामाच्या रकमेचा चेक विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या नावाने लिहून वकिलाकडे ठेवायचा, आणि कोणतं काम कोणत्या तारखेपर्यंत, झालं हे कोण ठरवणार, हे एका पानावर लिहून दोघांनी सह्या करायच्या. चेक बहुतेक वेळा न वटवताच फाडला जातो. तो असतो म्हणूनच काम होतं.

गेल्या काही वर्षांत कोथरूडमध्ये एक नवीन उत्तर ऐकू यायला लागलं आहे: "अहो, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय. दोन वर्षांत पाडणार. पाडायच्या घराला कसली दुरुस्ती?" ऐकायला बिनतोड वाटतं. जुन्या तीनमजली, लिफ्ट नसलेल्या इमारतींचा हा भाग. गल्लीगल्लीत पत्रे लागलेले दिसतात. पण एखाद्या सोसायटीने सल्लागार नेमला, सर्वसाधारण सभा झाली, बिल्डरची निवड झाली, तरी करार, नकाशे, परवानग्या यांत वर्षं जातात, आणि सभासदांचं एकमत तर पावसासारखं, कधी पडेल सांगता येत नाही. तोपर्यंत घेणाऱ्याला त्याच छताखाली झोपायचं असतं. मी एवढंच विचारते, "काका, किंमत सांगताना तुम्ही रीडेव्हलपमेंटची वाढीव जागा धरली होती की नाही?" धरलेली असतेच. मग भावात इमारत नवी आणि दुरुस्तीत इमारत पाडायची, असं दोन्हीकडून कसं चालेल? यावर काका हसतात, आणि बोलणी पुढे सरकतात. अशा इमारतीत मी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मात्र बघतेच. तीस वर्षांवरच्या इमारतींना तो ठरावीक काळाने करावाच लागतो, आणि दुरुस्तीची वर्गणी सभासदांकडून घ्यायचं ठरलं असेल तर ती जुन्या मालकाच्या नावावर की नव्याच्या, हे ताब्याच्या दिवशी ठरवायची गोष्ट नव्हे.

ताब्याच्या दिवशी तर पंखे मोजायचे असतात. लाखांचा व्यवहार सुरळीत झालेला असतो आणि भांडण होतं ते पडद्यांच्या दांड्यांवरून. घर बघताना हॉलला चार दिवे होते, आता नुसत्या लोंबत्या वायरी. गीझर काढून नेलाय, पाण्याचं फिल्टर काढून नेलंय, एका महाभागाने तर दारावरची घंटा नेली होती. त्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या आठव्या कलमात घराबरोबर कुलपं, किल्ल्या, गज, दारं, खिडक्या आणि कायमच्या वापरासाठी बसवलेल्या इतर वस्तू जातात असं म्हटलेलं आहे. पण 1882 सालच्या त्या यादीत गीझर नाही. तो "कायमचा" की "सामान", यावर दोन सुशिक्षित कुटुंबं तासभर वाद घालू शकतात. म्हणून विसारपावतीला मी यादी जोडते: पंखे किती, कुठल्या खोलीत; गीझर राहणार की जाणार; किचन ट्रॉली, मच्छरजाळीची दारं, इन्व्हर्टर, गॅलरीतली ग्रिल. मोबाइलवर प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून दोघांनाही पाठवते. वीजमीटरचं रीडिंग, मिळकतकराची पावती, सोसायटीचा नो ड्यूज दाखला, यांचाही एकेक रकाना असतो. ताबा देताना तीच यादी हातात घेऊन फिरायचं आणि खाली सह्या करायच्या.

या धंद्यातले माझे काही मित्र म्हणतात, "ताई, तुम्ही इतकं खोदता की जमलेला व्यवहार मोडतो." मोडतो कधी कधी. नीळ टाकलेलं पाणी बघून घाबरून परत गेलेली गिऱ्हाइकंही आहेत, आणि माझ्या यादीवर रागावून दुसऱ्या एजंटकडे गेलेले मालकही. त्या महिन्याची दलाली बुडते, ते खरं. पण ऐंशी लाखांच्या फ्लॅटचं साठेखत पुण्यात नोंदवायचं तर सात टक्क्यांनी पाच लाख साठ हजार मुद्रांक शुल्क आणि वर तीस हजार नोंदणी फी. बाईच्या एकटीच्या नावाने घेतलं तर एक टक्का सवलत. त्यानंतर दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून बाहेर येऊन छताकडे बोट दाखवण्यापेक्षा, विसाराचा चेक परत देऊन चहा संपवून उठलेलं दोघांनाही परवडतं. मोडायचंच असेल तर माझ्या टेबलावर मोडू दे.